एक ओळ खाली

प्रेसच्या मालकाला त्याच्या माघारी सगळे 'अर्धा कप' म्हणत आणि त्याला ते माहीत होतं. राग यायचा नाही. पाहुण्याला पूर्ण कप चहा दिला की तो बसतो, अर्धा दिला की काम सांगून उठतो, असं त्याचं शास्त्र होतं. या शास्त्राची आणखीही कलमं होती. संध्याकाळी प्रेस बंद करताना तो भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून खिशात टाकी, कारण रात्री घड्याळ बघायला तिथे कोणी नसतं. सकाळी सेल घातला की वेळ लावणं आलं. ती तो रस्त्यापलीकडच्या शिक्केवाल्याला विचारून लावी. शिक्केवाल्याचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं. त्यामुळे प्रेसमधली माणसं रोज सात मिनिटं उशिरा घरी जात. हा फायदा मात्र मालकानं स्वतःच्या हुशारीत कधी धरला नाही. तो नशिबाचा भाग, असं तो मानी.

या प्रेसमध्ये बाई प्रुफं तपासत. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या. घरी बसून सुनेच्या चुका काढण्यापेक्षा बाहेर जाऊन परक्यांच्या काढाव्यात, पैसेही मिळतात आणि घरही शांत राहतं, असा विचार करून त्या इथे लागल्या. मालक त्यांचाच विद्यार्थी, आठवी ब. चारचौघांत त्या त्याला 'मालक, तुम्ही' म्हणत. केबिनचं दार लागलं की 'अरे'.

बाईंना आयुष्यात एकच हौस होती. शिकवताना भेटलेली प्रत्येक इंग्रजी म्हण त्या वहीत उतरवत आणि तिच्यासमोर आपल्या भाषेतला जोडीदार बसवत. शब्दाला शब्द नाही, स्वभावाला स्वभाव. काही म्हणींना पहिल्याच दिवशी स्थळ मिळालं, काही चार-चार वर्षं तशाच बसून राहिल्या. बावीस वर्षांत अकरा वह्या भरल्या. मग एके दिवशी मालक आपणहून म्हणाला, की बाई, याचं पुस्तक काढू, शाळेच्या मुलांसाठी. यात गुरुभक्ती नव्हती असं नाही. पण लेखिका आणि प्रुफं तपासणारी एकाच पगारात पडते, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

पुस्तकाची मांडणी साधी होती. डावीकडे इंग्रजी म्हण, उजवीकडे अर्थ, एका म्हणीला एक ओळ. म्हणी अक्षरांच्या क्रमानं न लावता बाईंनी विषयांनी लावल्या होत्या: पैसा, घर, मैत्री, लग्न, मरण आणि सगळ्यात शेवटी बोलणं. विषयांची शीर्षकं मालकानं सुरुवातीलाच उडवली. शीर्षकं जागा खातात, आणि पैसा संपून घर कधी सुरू झालं हे शहाण्याला कळतंच, असं तो म्हणाला. त्यामुळे पुस्तकात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोन लांबलचक रांगा तेवढ्या उरल्या, खांद्याला खांदा लावून चाललेल्या.

पहिला विषय पैसा, आणि त्यातली अगदी पहिली म्हण 'पेनी वाइज, पाउंड फूलिश'. दमडी राखताना शहाणा, थैली सांभाळताना खुळा. समोर बाईंनी बसवलं होतं: मोरीला बोळा, दरवाजा मोकळा.

हीच म्हण पहिली का, याचं खरं उत्तर बाईंनी कुणाला दिलं नसतं. फार वर्षांपूर्वी आठवी ब मधल्या एका मुलानं पेन्सिल झिजू नये म्हणून परीक्षेत निम्मेच प्रश्न सोडवले होते. ही म्हण शिकवताना बाईंनी उदाहरण म्हणून त्याला उभं केलं होतं. त्या मुलाचा आता प्रेस होता.

छापखान्यात पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मनं छापतात. एकशेसाठ पानं म्हणजे बरोबर दहा फॉर्म. दुसरं प्रूफ निघालं तेव्हा पुस्तक एकशे एकसष्टाव्या पानावर गेलेलं होतं. किती, तर एक ओळ. एका ओळीसाठी अकरावा फॉर्म आणि पंधरा पानं कोरी, हे मालकाच्या शास्त्रात बसत नव्हतं. बाईंना न विचारता त्यानं लाल पेन उचललं आणि कुठली म्हण गाळता येईल म्हणून पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. त्याला फार वाचावं लागलं नाही.

त्यानं ती खोडली. खोडली म्हणजे डावीकडची, इंग्रजी. उजवीकडे मोरी आणि दरवाजा जागच्या जागी राहिले. ते त्याला लागलेलं नव्हतं.

प्रूफ गेलं संगणकावर पानं लावणाऱ्या ऑपरेटरकडे. हा पन्नाशीचा, चष्म्याला दोरी बांधलेला, कामाला चोख. पूर्वी एकदा स्वतःची अक्कल चालवून त्यानं एका वकिलाच्या पाटीवरचं नाव 'सुधारलं' होतं. त्यानंतर अक्कल घरी ठेवून यायची असं त्यानं ठरवलं होतं. खोडलं तेवढंच काढायचं. त्यानं डावीकडची ओळ काढली. डावी रांग एक ओळ वर सरकली आणि एकशेसाठाव्या पानाच्या तळाशी बरोब्बर संपली. उजव्या रांगेची शेवटची ओळ तेवढी एकशे एकसष्टाव्या पानावर एकटीच लोंबत राहिली. एकशे एकसष्टावं पान नको, हा तर हुकूमच होता. त्यानं तीही काढली. आता दोन्ही रांगा सारख्या लांबीच्या झाल्या आणि देखण्या दिसू लागल्या.

तिसरं प्रूफ निघालं असतं तर बाईंना पहिल्याच ओळीला कळलं असतं. पण मालक म्हणाला की दुसऱ्यात तुम्हाला अवघ्या तीन चुका सापडल्या. तिसऱ्यासाठी आणखी एकशेसाठ कागद घालवायचे तर निदान पन्नास तरी सापडायला हव्यात. बाईंनी ताणलं नाही. दुसऱ्याच्या पुस्तकासाठी त्या भांडल्या असत्या. स्वतःच्या पुस्तकासाठी जास्तीचं मागायची त्यांना लाज वाटली.

बाइंडिंग मागच्या खोलीत चाले, आणि तिथे मावशींचं राज्य होतं. मावशी मालकाच्या वडिलांच्या काळापासून होत्या. त्याला त्या 'मालक' म्हणत आणि 'तू' म्हणत, दोन्ही मनापासून. इंग्रजीशी त्यांचा संबंध घड्या घालण्यापुरता. कव्हरं कापली की जाड कागदाच्या पट्ट्या उरतात, त्याला कातरण म्हणतात. दुसऱ्या कुठल्याही प्रेसमध्ये ती रद्दीत जाते. मावशी ती रुंदीप्रमाणे वेगळी करून, दोऱ्यानं बांधून, फळीवर रचून ठेवत. फळ्या छताला टेकल्या होत्या. बाईंना वाटे, या प्रेसच्या पाण्यातच काहीतरी असावं. मालकाला झालेला रोग मावशींनाही लागलाय. एक गोष्ट त्यांनी पाहिली होती, पण तिचा विचार केला नव्हता. मालकानं पुस्तकाला तीन टाके सांगितले की मावशी पाच घालत. खळीत पाणी वाढवायला सांगितलं की मावशींना ऐकू येत नसे.

बुधवारी दुपारी मावशींनी पहिली प्रत आणून बाईंच्या टेबलावर ठेवली. उरलेल्या दोन हजार नऊशे नव्व्याण्णव मागच्या खोलीत शिवून, कापून तयार होत्या. सोमवारी शाळा उघडायच्या होत्या, शनिवारी माल दुकानात जायचा होता. बाईंनी हात पदराला पुसले आणि पहिलं पान उघडलं.

थोडं थोडं साठवत गेलं की पुष्कळ होतं, अशा अर्थाची इंग्रजी म्हण पहिल्या ओळीत होती. समोर छापलं होतं: मोरीला बोळा, दरवाजा मोकळा. त्याखाली, वाईट दिवसांसाठी चार पैसे बाजूला टाकण्याची म्हण. समोर: थेंबे थेंबे तळे साचे. हे तर जवळजवळ बरोबर होतं, आणि बाईंना भीती वाटली ती त्याचीच. धडधडीत चूक मुलांच्या लक्षात येते. जवळजवळ बरोबर असलेली जन्मभर सोबत करते. त्यांनी भराभर पानं उलटली. लग्नाच्या म्हणी संपून मरणाच्या सुरू होतात तिथे 'किक द बकेट' होती, म्हणजे माणूस जाणं. तिच्यासमोर स्वच्छ टायपात होतं: विवाहबद्ध होणे.

केबिनचं दार लागलं. मालकानं आपण एक म्हण खोडल्याचं कबूल केलं आणि ते पान नीट वाचलं.

"बाई, हे अगदीच चूक आहे असं नाही म्हणता येणार."

बाई हसल्या नाहीत. मग त्यालाही हसता येईना. त्यानं एकेक उपाय काढून पाहिला. शुद्धिपत्र छापून जोडावं, तर शुद्धिपत्र एकशेसाठ पानांचं होत होतं. पुन्हा छापावं, तर तेवढा कागद घ्यायची त्याची ऐपत नव्हती, आणि हे तो काटकसरीनं म्हणत नव्हता. तसंच विकावं, कोण बघतंय, असंही तो एकदा पुटपुटला.

"मुलं बघतात रे," बाई म्हणाल्या. "तू नाही बघितलंस म्हणून काय झालं."

त्या पुढे म्हणाल्या की असं पुस्तक दुकानात गेलं तर पहिल्या पानावरचं माझं नाव काढायचं, तीन हजार प्रतींवर, हातानं खोडून. चौतीस वर्षं ज्यांना बरोबर शिकवलं त्यांच्या पोराबाळांना चूक शिकवायला मी माझं नाव देणार नाही. मालकानं प्रत मिटून बाईंकडे सरकवली. मग म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. संध्याकाळपर्यंत काही सुचलं नाही तर रद्दीवाल्याला बोलावतो. यात आदर किती होता आणि निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याची सवय किती, हे बाईंना ठरवता आलं नाही. एवढं खरं, की बावीस वर्षांचं पुस्तक किलोवर विकायचं का, हे आता त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आपण पेनी-पाउंडच्या त्या म्हणीला पहिल्या नंबरवर बसवलं नसतं, तर त्यानं तिला खोडलंही नसतं.

त्या मागच्या खोलीत जाऊन पुस्तकांच्या थप्पीशेजारी स्टुलावर बसल्या. कुठेतरी एखाद्या पानावर तरी रांगा आपोआप सरळ झाल्या असतील, अशी वेडी आशा होती. डाव्या हाताचं बोट म्हणीवर, उजव्या हाताचं तिच्या खऱ्या अर्थावर, अशा त्या ओळीमागून ओळ उतरत होत्या. मावशी समोर सुईत दोरा ओवत होत्या. त्या दोन-तीन पानं नुसत्या बघत राहिल्या.

"बाई, तुमचं उजवं बोट लंगडतंय का?"

"काय?"

"डावं जिथे असतं, त्याच्या एक पायरी खालीच असतं उजवं. मघापासून बघतेय."

बाईंनी सगळं सांगितलं. न रडता सांगितलं. मावशींना त्यातली मोरी कळली, इंग्रजी कळलं नाही, आणि त्यांनी त्याची गरजही मानली नाही. त्यांचा एकच प्रश्न होता, की नेहमी एकच ओळ खाली? कुठे दोन नाही, कुठे अर्धी नाही? बाईंनी परत दहा-बारा ठिकाणी बोटं ठेवून पाहिली. नेहमी एकच.

"मग पुस्तक चुकलेलं नाही," मावशी म्हणाल्या. "घसरलंय. घसरलेलं काय जाळायचं असतं?"

त्या उठल्या, फळीवरून कातरणाचा एक गठ्ठा काढला, दोन पट्ट्या ओढल्या आणि पुस्तकाच्या पानावर मोजून पानाच्या निम्म्या रुंदीएवढ्या कापल्या. खळीचं बोट फिरवलं. दोन्ही पट्ट्यांची टोकं एकमेकांवर चिकटवली, पण सरळ रेषेत नाही. उजवी पट्टी डावीपेक्षा बरोबर एक ओळ खाली. एक पायरी तयार झाली. ती त्यांनी पानावर आडवी ठेवली. डावीकडे पट्टीच्या कडेला टेकून जी म्हण उभी होती, तिचाच अर्थ उजवीकडे पायरीखालच्या कडेला टेकून उभा होता. मावशींनी पट्टी एक ओळ सरकवली. पुढची म्हण, पुढचा अर्थ. आणखी एक ओळ.

बाईंनी पट्टी हातात घेतली आणि एका दमात चौदा पानं उतरल्या. एकही जोडी मोडलेली नव्हती. बावीस वर्षांत जमवलेली सगळी स्थळं आपापल्या जागी होती. फक्त घरं एकेक ओळीनं सरकली होती. त्यांनी मान वर केली तेव्हा मावशी पुन्हा दोरा ओवायला बसल्या होत्या, जसं काही कुणाच्या बटणाला टाका घालून दिला असावा.

बाईंनी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली होती. काहींना तर त्यांनीच हुशार केलं होतं. पण न येणाऱ्या भाषेतलं पुस्तक, नुसत्या बोटांच्या चालीवरून, पाच मिनिटांत बरं करणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. आणि छताला टेकलेल्या त्या फळ्यांकडे बघताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मालक टाकायला नको म्हणून राखत होता. मावशी कधीतरी लागेल म्हणून राखत होत्या, आणि जिथे लागेल तिथे हात आखडत नव्हत्या. हे दोन रोग नव्हते. एक तर रोगच नव्हता.

मालक आला, त्यानं पट्टी सरकवून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो खळीचा. तीन हजार पट्ट्यांना खळ किती लागेल, आणि थोडं पाणी घातलं तर.

"पाणी घातलंस तर पट्टी सुटेल," मावशी म्हणाल्या. "पट्टी सुटली तर पुस्तक सुटेल. बोल, किती घालू?"

बाहेर जाऊन मालकानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि परत येऊन खाली बसला.

दोन भानगडी उरल्या होत्या. पानातल्या शेवटच्या म्हणीचा अर्थ पुढच्या पानाच्या माथ्यावर गेला होता. तिथे पट्टीचं काही चालत नव्हतं. आणि पुस्तकातल्या अगदी शेवटच्या म्हणीचा अर्थ ऑपरेटरनं पुसूनच टाकला होता. बाईंनी दोन ओळींचा मजकूर लिहिला आणि शिक्केवाल्याकडून रबरी शिक्का करून आणला: 'पानातली शेवटची म्हण? अर्थ पुढच्या पानाच्या पहिल्या ओळीत. पुस्तकातली शेवटची म्हण? गप्प बसणे.' प्रत्येक पट्टीच्या पाठीवर हा शिक्का उठवायचं काम ऑपरेटरकडे आलं. तीन हजार वेळा 'गप्प बसणे' उठवताना तो खरोखरच एक अक्षर बोलला नाही.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मावशी कापत, बाई चिकटवत, मालकही चिकटवी. पहिल्या दिवशी त्याच्या पट्ट्या निम्म्या वाकड्या गेल्या. मावशींनी त्या बाजूला काढल्या आणि उकलून परत त्याच्या पुढ्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्याचा हात बसला. दुपारी चिकटवता चिकटवता तो हळूच म्हणाला की बाई, ती पहिली म्हण, ती तुम्ही माझ्यासाठीच घातली होती ना? बाईंनी हातातली पट्टी पुरी केली.

"हो," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. ती अकराव्या-बाराव्या नंबरला घालायला हवी होती. तिथवर तू वाचलं नसतंस."

शनिवारी संध्याकाळी प्रत्येक प्रतीत एक पट्टी घालून माल दुकानात गेला. बाईंचं नाव पहिल्या पानावर तसंच राहिलं. रविवारी मात्र त्यांना जेवण गेलं नाही. मुलं पट्टी हरवतील. मुलं पट्टीचं विमान करतील. पट्टी गेली की उरेल ते चुकीचं पुस्तक, आणि त्यावर आपलं नाव.

तीन आठवड्यांनी दुकानदारांचे निरोप यायला लागले. पुस्तक आणखी हवं होतं; पट्टीवालं. एका शाळेच्या मास्तरांनी तर सविस्तर पत्रच पाठवलं होतं. त्यांनी लिहिलं होतं की सरळ ओळीतला अर्थ मुलं न वाचताच वाचतात, डोळा घसरत जातो. इथे पट्टीची पायरी उतरेपर्यंत क्षणभर थांबावं लागतं, आणि त्या क्षणात मुलं अर्थ काय असेल ते आपापसात ओरडून सांगतात. वर्गात आवाज होतो, पण म्हणी पाठ होतात. पट्टी कुणी हरवत नाही, कारण ज्याची हरवते त्याला खेळात घेत नाहीत.

बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. आधी स्वतः विचार करा, मग अर्थ बघा, हे त्या चौतीस वर्षं मुलांना घसा फोडून सांगत आल्या होत्या. एकानंही ऐकलं नव्हतं. जे घशाला जमलं नाही ते खळीच्या एका बोटानं केलं होतं. पत्र घेऊन त्या मागच्या खोलीत गेल्या आणि मावशींना मोठ्यानं वाचून दाखवलं. मावशींनी ऐकून घेतलं, मास्तर चांगले दिसतात म्हणाल्या, आणि कात्री मागितली.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मालक केबिनमध्ये अवघडून उभा होता. ओळी सरळ करायच्या की आहेत तशाच ठेवायच्या, हे त्याला बाईंना विचारायचं होतं. कातरण संपत आलंय, मावशींना पट्ट्यांसाठी नवा कागद लागेल, तो आणायला मी माणूस पाठवलाय, असंही त्यानं एका श्वासात सांगून टाकलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका सरळ करून पोट भरलेल्या बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं आणि त्या म्हणाल्या की ठेवा तशाच. पण मग प्रत्येक ओळ नेमकी एक ओळ चुकलेली हवी. अर्धी नाही, दोन नाही. मला तिसरं प्रूफ लागेल.

तिसरं प्रूफ आलं. बाई पट्टी लावून एकेक ओळ उतरत गेल्या. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर, मैत्रीच्या म्हणींमध्ये, पट्टी अडखळली. ऑपरेटरला कुठेतरी राहवलं नव्हतं. संकटात धावून येणाऱ्या मित्राची एक म्हण होती. तिच्यासमोर भलतंच काहीतरी बघून त्याला वाईट वाटलं असावं, आणि दोन अर्थांची अदलाबदल करून त्यानं तिला तिचा खरा अर्थ शेजारी आणून दिला होता. बऱ्याच वर्षांनी त्यानं स्वतःची अक्कल वापरली होती. बाईंना त्याचं कौतुक वाटलं. मग त्यांनी लाल पेन उचललं आणि समासात सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'इथे अर्थ बरोबर आला आहे. कृपया दुरुस्त करावा.'